आधी लोकर, बिल्ला शेवटी

एडिनबरोच्या किल्ल्यापासून खाली उतरणाऱ्या रॉयल माइलवर टार्टनच्या, म्हणजे चौकटीच्या स्कॉटिश कापडाच्या, दुकानांची रांग आहे. तिथे टोप्या ढिगाने मिळतात. लाल केसांचा टोप शिवलेली ‘सी यू जिमी’ टोपी तर जागोजागी टांगलेली असते. ती गमतीची वस्तू, सामन्याला घालायची. ज्याला खरी स्कॉटिश बॉनेट हवी, त्याने किल्ट शिवून देणाऱ्या दुकानाची पायरी चढावी. तिथेही बहुतेकांचा हात आधी जातो तो चकचकीत बिल्ल्याकडे. खरेदीचा क्रम नेमका उलटा असावा असं मला ठामपणे वाटतं. आधी लोकर पाहावी, मग घाट, मग माप. बिल्ला अगदी शेवटी.

लोकर आधी, कारण बॉनेटचा जीव तिच्यात आहे. आजचे सगळे प्रकार एका चपट्या निळ्या टोपीतून निघाले. सोळाव्या-सतराव्या शतकात स्कॉटलंडचा शेतकरी, मेंढपाळ, कारागीर हीच टोपी घालायचा. ती सुयांवर गोलाकार, बिनशिवणीची विणत आणि विणताना डोक्याच्या मानाने बरीच मोठी ठेवत. मग ओली करून, रगडून, तुडवून ती आटवत. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. पाणी, ऊब आणि रगडणं यांमुळे ते एकमेकांत गुंततात आणि सैल विणीचा दाट नमदा होतो. टाके दिसेनासे होतात, वारा अडतो, भुरभुर पाऊस बराच वेळ वरच्या वर राहतो. धनगरी घोंगडी पावसात पांघरलेल्या माणसाला या कापडाचा गुण वेगळा सांगावा लागणार नाही. निळा रंग वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांपासून मिळे, पुढे निळीपासूनही. डंडी शहरात हिलटाउनच्या चढावर बॉनेट विणणाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांचा स्वतःचा व्यवसायसंघ होता. पश्चिमेकडे किलमार्नक आणि त्याच्या जवळचं स्टुअर्टन ही या धंद्याची मोठी ठाणी. स्टुअर्टनला आजही ‘बॉनेट टून’, म्हणजे बॉनेटचं गाव, म्हणतात. तिथली रॉबर्ट मॅकी ही पेढी 1845 सालची.

म्हणून दुकानात टोपी हातात आली की आधी आतली चिठ्ठी वाचा. शुद्ध लोकर लिहिलेलं असलं पाहिजे. अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यावर ते खवले नसतात, त्यामुळे त्याचा असा नमदा होत नाही. ती टोपी लवकर ढिली पडते आणि भिजली की तिचा उपयोग संपतो. मग टोपी उलटी करून विण पाहा, काठ चिमटीत धरून जाडी पाहा. टार्टनच्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेली टोपीही मिळते. ती वाईट नसते, पण विणून आटवलेल्या बॉनेटचा भाव तिला देऊ नये.

घाटात मुख्य निवड दोनच, बाल्मोरल आणि ग्लेनगॅरी. बाल्मोरल ही जुन्या निळ्या बॉनेटची थेट वारस. तिचा माथा गोल आणि रुंद असतो, मधोमध गोंडा, ज्याला स्कॉट लोक ‘टूरी’ म्हणतात, आणि मागे दोन फिती. या फिती एके काळी टोपी घट्ट करायच्या दोऱ्या होत्या. ग्लेनगॅरी लांबट, होडीच्या आकाराची, घडी घालून खिशात मावणारी. ग्लेनगॅरी इथल्या कुळाचा प्रमुख अ‍ॅलिस्टर मॅकडॉनेल याच्याशी तिचं नाव जोडतात. राजा चौथा जॉर्ज 1822 मध्ये एडिनबरोला आला, तेव्हाच्या थाटामाटात हा गृहस्थ ठळकपणे मिरवला होता. पुढे ही टोपी लष्कराने उचलली आणि पाइप बँडांनी घराघरांत पोचवली. टॅम ओ’शँटर हे तिसरं नाव रॉबर्ट बर्न्सच्या 1791 मध्ये छापून आलेल्या कवितेच्या नायकावरून पडलं. मोठ्या, सैल माथ्याच्या बॉनेटला ते लावतात. पहिल्या महायुद्धात स्कॉटिश सैनिकांना खाकी टॅम मिळाली.

रोजच्या वापराला, ट्वीडच्या कोटाबरोबर, मी बाल्मोरलच सुचवेन. तिचा रुंद माथा पाऊस झेलतो आणि बहुतेक चेहऱ्यांना ती शोभते. ग्लेनगॅरी रुबाबदार खरी, पण ती कान झाकत नाही आणि माप जरा चुकलं तरी डोक्यावर तरंगते. तिच्या कडेची लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टी पाहून भुलू नये. त्या पट्टीमागे पलटणींची परंपरा आहे. ‘आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स’ची ओळख लाल-पांढऱ्या चौकटी, तर ‘ब्लॅक वॉच’ची ग्लेनगॅरी साधी, चौकटींविना असायची. आपण साधीच घ्यावी.

माप घेताना टेप भुवयांच्या थोडा वर, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा. 57 सेंटिमीटर म्हणजे ब्रिटिश माप 7, अमेरिकी माप मात्र 7⅛. दुसऱ्या देशातून मागवताना लोक इथेच फसतात. बाल्मोरल घालताना माथा उजवीकडे ओढायचा आणि बिल्ला डाव्या बाजूला ठेवायचा. भिजली तर पिळू नका. ताटावर पसरून, आकार देऊन सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये ती पुन्हा आटेल. ठेवताना कडुनिंबाचा पाला घाला, कसर लागणार नाही.

आता बिल्ला. फितींच्या चुणीदार फुलावर, म्हणजे कॉकेडवर, तो बसतो. नुसत्या कॉकेडनेही एके काळी माणसाचा पक्ष कळायचा. 1745 च्या बंडात स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या जॅकोबाइटांची खूण होती निळ्या बॉनेटवरचं पांढरं कॉकेड. बिल्ल्यावर बहुधा कुळाचं चिन्ह असतं आणि ते चिन्ह कुळाच्या प्रमुखाचं असतं. कुळातले लोक तेच चिन्ह पट्टा आणि बक्कल यांच्या कड्यात घालून लावतात, कारण त्याचा अर्थ ‘मी या प्रमुखाचा माणूस’ असा होतो. गरुडाची पिसं तर आणखी जपून. प्रमुखाला तीन, त्याच्या खालच्या चीफ्टनला दोन, स्वतःच्या नावावर चिन्ह नोंदलेल्याला एक. एडिनबरोतलं लॉर्ड लायनचं न्यायालय या चिन्हांवर देखरेख ठेवतं. कुळाशी नातं नसलेल्याने काटेरी थिसलचं फूल किंवा सेंट अँड्र्यूचा तिरका क्रॉस लावावा. त्यात कुणाचा मान मोडत नाही.

पलटणींचे जुने बिल्ले जुन्या बाजारांत सर्रास मिळतात. त्यांतला ‘हायलँड लाइट इन्फंट्री’चा बिल्ला मराठी माणसाने नीट पाहावा. त्यावर हत्ती आहे आणि ‘असई’ हे नाव कोरलेलं आहे. जालना जिल्ह्यातल्या या गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची फौज शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढली. वेलस्लीच्या फौजेतली 74वी हायलँड पलटण त्या दिवशी मराठ्यांच्या तोफांपुढे अक्षरशः कापली गेली. तीच पुढे 1881 मध्ये 71व्या पलटणीबरोबर ‘हायलँड लाइट इन्फंट्री’त सामील झाली. असा बिल्ला मिळाला तर जरूर घ्यावा, पण बॉनेटवर लावू नये. तो लावण्याचा अधिकार त्या पलटणीत नोकरी केलेल्यांचा. आपण तो संग्रहात, असईच्या नकाशाशेजारी ठेवावा.