सुरांची शुश्रूषा

सेवेची इच्छा मनात असणे निराळे आणि सेवा हातून घडणे निराळे, हा धडा आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला. धान्याच्या घाऊक व्यापारात सारी हयात घालविलेल्या माणसास तो फार पूर्वीच कळावयास हवा होता. गिऱ्हाइकासमोर वानगी ठेवल्यावाचून आणि त्याची पसंती घेतल्यावाचून आम्ही कधी पोते उचलले नाही. सेवेच्या बाबतीत मात्र हा साधा नियम आम्ही विसरलो.

काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या निमित्ताने आम्ही काही व्यापारी मंडळी परगावच्या एका लष्करी रुग्णालयात जखमी जवानांच्या भेटीस गेलो होतो. बरोबर फळांच्या करंड्या होत्या, मिठाई होती आणि पेटी, तबला, झांजा व ध्वनिक्षेपक घेऊन एक हौशी भजनी मंडळही होते. दालनाच्या मधोमध बैठक मांडून दोन तास गाणे झाले. गाणारे रंगले, आम्ही टाळ्या वाजविल्या, छायाचित्रे निघाली. निघावयाच्या वेळी दिसले की, कोपऱ्यातील खाटेवरच्या एका तरुण जवानाने कानांवर उशी दाबून भिंतीकडे तोंड फिरविले आहे. आम्ही चौकशी केली तेव्हा परिचारिका हलक्या आवाजात म्हणाली, "स्फोटात जखमी झालाय तो. झांजेचा आवाज त्याला सोसत नाही. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हणून कोणी काही बोललं नाही."

त्या जवानास उठून जाता येत नव्हते. आमचे औदार्य त्याने निमूटपणे सोसले होते. परतीच्या प्रवासात आम्ही कोणाशी फारसे बोललो नाही.

हे शल्य मनात असल्यामुळे, असे काम अन्यत्र कसे चालते याविषयी मिळेल ते वाचण्याची आम्हांस सवय लागली. अमेरिकेत दोन्ही महायुद्धांनंतर अनेक हौशी व व्यावसायिक वादक माजी सैनिकांच्या रुग्णालयांत जाऊन वाजवीत असत. सुरांनी रुग्णांत पडणारा फरक डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या ध्यानी आला आणि रुग्णालये वादकांना कामावर नेमू लागली. परंतु लवकरच असेही दिसून आले की, गोड गळा किंवा तयार हात एवढ्याने भागत नाही. रुग्णापुढे कसे वागावे, केव्हा वाजवावे आणि केव्हा थांबावे, हे शिकावे लागते. त्यातूनच १९४४ साली मिशिगन स्टेट कॉलेजात संगीतोपचाराचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० साली या शास्त्राची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. स्वयंसेवकांच्या हौसेतून एक विद्या जन्मास आली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

१९९९ साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल सॉलोमन व विवेक तिवारी यांनी 'म्युझिशियन्स ऑन कॉल' ही संस्था काढली. रुग्णालयातील एका कार्यक्रमानंतर तेथील परिचारिकेने त्यांना विचारले की, ज्यांना खाट सोडून येथवर येता येत नाही, त्यांचे काय? तेव्हापासून या संस्थेचे कलावंत रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन गातात. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतही त्यांचे काम चालते. त्यांची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. कलावंताच्या आधी दुसरा एक स्वयंसेवक दाराशी जातो आणि गाणे ऐकावयाचे आहे काय, असे विचारतो. होकार मिळाला तरच कलावंत आत पाऊल टाकतो, एक-दोन गीते गातो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

मिलवॉकी शहरात २००७ साली पॅट्रिक नेटेशाइम नामक गिटारशिक्षक आणि त्यांचेच विद्यार्थी, व्हिएतनाम युद्धातून परतलेले डॅन व्हॅन बस्कर्क, या दोघांनी 'गिटार्स फॉर व्हेट्स' सुरू केली. येथे माजी सैनिकास गिटार नुसती ऐकवीत नाहीत, तर शिकवितात. दहा धडे विनामूल्य दिले जातात. सरावासाठी वाद्य उसने मिळते आणि धडे पूर्ण झाल्यावर नवी गिटार त्याची स्वतःची होते. ऐकणारा स्वतः वाजविणारा होतो, तेव्हा घेणारा आणि देणारा हा भेदच पुष्कळसा मावळतो.

आपल्याकडेही असे क्षेत्र दूर नाही. पुण्यास १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. खडकीस पाठीच्या कण्याच्या दुखापतीने पंगू झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. आम्ही राहतो ते बेळगाव तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे माहेरघर. येथील कित्येक घरांतील मुले फौजेत आहेत. परंतु लष्करी रुग्णालयातील प्रत्येक जवान मराठीच असतो असे नाही. शेजारशेजारच्या खाटांवर पंजाबी, तमिळ, नागा व गढवाली जवान असू शकतात. म्हणूनच आपल्या आवडीचे अभंग घेऊन जाण्याऐवजी त्यांच्या आवडीचे गीत विचारून घेणे बरे.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. या खेपेस अधिकाऱ्यांची अनुज्ञा आधी घेतली होती. ध्वनिक्षेपक नव्हता, करंड्या नव्हत्या, केवळ एक बासरीवादक बरोबर होता. आम्ही प्रत्येक खाटेपाशी जाऊन विचारीत होतो. तिघांनी नको म्हटले. आम्ही नमस्कार करून पुढे गेलो. त्यांपैकी एकजण मागून म्हणाला, "आज नाही, पण पुन्हा या." तेव्हा आमच्या ध्यानी आले की, इंजेक्शन, औषध, मलमपट्टी यांपैकी कशासही त्या जवानास नको म्हणता येत नाही. दिवसभरात त्यास नकाराचा अधिकार देणारे बहुधा आम्हीच पहिले होतो.

आपल्या शास्त्रात आभ्यंतर तपांच्या क्रमात वैयावृत्त्याच्या आधी विनय सांगितला आहे. हा क्रम पाठ असूनही त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. आपल्या संघाने वर्षातून एकदा थाटाने जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा एकाच वादकासह शांतपणे जावे, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे. येण्याजाण्याचा खर्च अल्प आहे. खरा खर्च वेळेचा आणि थोड्याशा अहंकाराचा आहे. तो सोसण्याची आपली तयारी असावी, एवढेच मागणे.