कॅलिब्रेशनवाल्याची पेटी आणि त्याचा पगार

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोबरवाही स्टेशन लागतं. चिखला गाव तिथून जवळच. इथली मँगनीजची खाण मॉयलची, म्हणजे पूर्वीच्या मँगनीज ओअर इंडिया लिमिटेडची, आणि ती भूमिगत आहे. त्याच पट्ट्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाणही आहे. या खनिजाची किंमत दोन आकड्यांवर ठरते: माल किती टन आहे आणि त्यात मँगनीज किती टक्के आहे. पहिला आकडा वजनकाटा देतो, दुसऱ्याची सुरुवात प्रयोगशाळेतल्या तराजूपासून होते. शिवाय अशा खाणीत कंप्रेसरवर प्रेशर गेज असतात, हवेचा वेग मोजायला अ‍ॅनिमोमीटर लागतो, ब्लास्टिंगनंतर कार्बन मोनॉक्साइड किती उरला हे सांगायला गॅस डिटेक्टर लागतात. इतकी उपकरणं खरं सांगतायत की नाही हे बघायला बाहेरून एक माणूस पेटी घेऊन येतो, कधी नागपूरहून, कधी त्याहून लांबून. त्याच्या कामाबद्दल आणि कमाईबद्दल गेटवरच्या गार्डपासून त्याच्या स्वतःच्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांची मतं पक्की असतात. त्यातली बरीच चुकीची असतात.

“एका गेजचे एवढे? याची तर चांदीच आहे!”

बिलावरचा आकडा प्रयोगशाळेचा असतो, पेटीवाल्याचा नव्हे. तो महिन्याच्या पगारावर असतो. बिलातले पैसे कुठे जातात ते त्याच्या पेटीतच दिसतं. आत जे मास्टर असतात, म्हणजे ज्यांच्याशी तुमचं गेज ताडून बघायचं ती उपकरणं, त्यांचंही ठरावीक काळानं कॅलिब्रेशन करावं लागतं, तेही वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत. ही साखळी चढत चढत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिची कोनशिला 1947च्या जानेवारीत बसली आणि देशाची प्रमाणं तीच सांभाळते. मास्टर तपासणीला गेला की तो परत येईपर्यंत त्या जातीचं काम बंद. त्यावर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानांकनाचा खर्च, गाडी, डिझेल, आणि गाडीत चढवायची वजनं.

मग पेटीवाल्याच्या हातात काय पडतं? पहिली पायरी बहुतेकांची शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांत 2019 साली जी दुरुस्ती झाली तिच्यात आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये विद्यावेतन ठरलं. पुढे नोकरी पक्की झाली की खरी गंमत पगाराच्या चिठ्ठीत असते. फिरतीच्या कामात बेसिक लहान आणि भत्ते मोठे ठेवायची जुनी सवय आहे. मुलाला वाटतं, एकूण आकडा तर बरा दिसतोय. पण ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी मोजताना बघतात ते ‘वेतन’, एकूण आकडा नव्हे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेनं या सवयीला लगाम घातला आहे. घरभाडं, वाहतूक, कामाच्या स्वरूपामुळे होणारे खास खर्च वगैरे वेतनातून वगळता येतात, पण ते सगळे मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा हिस्सा वेतनातच धरायचा. समजा, एकूण 24,000 आहेत, त्यात बेसिक 9,000 आणि बाकीचे 15,000 भत्ते. वगळता येतील फक्त 12,000. उरलेले 3,000 बेसिकला जोडायचे, म्हणजे वेतन झालं 12,000. पाच वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी 9,000 वर काढली तर सुमारे 25,960 रुपये येते, 12,000 वर काढली तर सुमारे 34,615. चिठ्ठीतल्या एका ओळीचा हा फरक. डिप्लोमाच्या वर्गात ओहमचा नियम तीनदा शिकवतात, हे एकदाही शिकवत नाहीत.

“आलाच आहात तर दुरुस्त करून द्या नं जी”

ही विनंती रोजची आहे आणि ती ज्याला करतात त्याचं ते काम नसतं. कॅलिब्रेशन म्हणजे ताडून पाहणं. मास्टर 10 बार दाखवतो तेव्हा तुमचं गेज 10.2 दाखवतं, आणि या निष्कर्षात इतकी अनिश्चितता आहे, एवढं तो लिहून देतो. काटा फिरवून 10 वर आणणं हे वेगळं काम. ते केलंच तर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे प्रमाणपत्रात यावे लागतात. आधीचा आकडा गाळला तर गेले सहा महिने ते गेज काय थापा मारत होतं याचा पुरावाच पुसला जातो.

या विनंतीची धाकटी बहीण म्हणजे “पास करून टाका”. प्रयोगशाळांसाठीचं मानक, आयएसओ/आयईसी 17025, निःपक्षपातीपणापासूनच सुरू होतं: पैशाचा किंवा धंद्याचा दबाव निकालावर पडता कामा नये. म्हणून मला एक पद्धत फार खटकते. तंत्रज्ञाला नगामागे इन्सेंटिव्ह द्यायचा, दिवसाला अमुक गेज झालेच पाहिजेत. नगावर पैसे मिळू लागले की प्रत्येक वाचनासाठी काटा स्थिरावायची वाट कोण पाहणार? संध्याकाळी लॉजवर बसून भरलेला तक्ता दिसायला फार सुबक असतो. खऱ्या वाचनांत थोडा खडबडीतपणा असतोच. नोंद जागेवर, मोजतानाच करायची असं मानक सांगतं, पण पगाराची रचना उलटं सांगत असेल तर मानकाचं कोण ऐकतं?

“वजनमापेवाल्यांनी शिक्का मारलाय, मग हे कशाला?”

शिक्का आणि कॅलिब्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदी-विक्रीच्या काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन वैध मापन शास्त्र विभाग करतो, 2009च्या केंद्रीय कायद्याखाली. वजनकाट्याला ते दर 12 महिन्यांनी लागतं, सुट्या वजनांना 24 महिन्यांनी. तिथे उत्तर मर्यादेच्या आत किंवा बाहेर, इतकंच असतं. समजा 60 टनांचा काटा आहे आणि त्याचा विभाग, म्हणजे आकडा ज्या टप्प्यानं वाढतो तो, 10 किलोचा. मुद्रांकनाच्या वेळी 20 टनांपुढच्या भारावर त्याची 15 किलोपर्यंतची चूक चालते, वापरात असताना अचानक तपासणी झाली तर 30 किलोपर्यंतची. काटा नेमका किती आणि कोणत्या बाजूला चुकतो हे कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र सांगतं. आणि कॅलिब्रेशन करणाऱ्याला काटा उघडून दुरुस्त करायचा असेल, तर त्याच कायद्याखाली दुरुस्तीचा परवाना लागतो.

“कुरिअरनं पाठवू, माणूस कशाला बोलवायचा?”

मल्टिमीटर पाठवता येतो, तराजू नाही. इलेक्ट्रॉनिक तराजू वस्तुमान थेट मोजत नाही, पृथ्वी त्या वस्तूला किती जोरानं ओढते ते मोजतो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. नागपूर-भंडारा भागात ती दिल्लीपेक्षा सुमारे 0.05 टक्क्यानं कमी भरते. दिल्लीत अचूक बसवलेला तराजू जसाच्या तसा इथे आणून लावला तर 10 किलोमागे साधारण 5 ग्रॅम कमी दाखवेल. तो जिथे वापरायचा तिथेच तपासावा लागतो.

वजनकाट्याचं तर काही विचारूच नका. तो जागेवरून हलत नाही आणि त्याला लागणारी प्रमाण वजनं पाठीवर नेण्याजोगी नसतात. काटा तोच भार पुन्हा पुन्हा ठेवला असता तोच आकडा देत असेल, तर क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतक्या वजनांवर भागतं आणि बाकीचा भार भरलेल्या ट्रकनं उभा करतात. पण 60 टनांचा पाचवा हिस्साही 12 टन होतो. त्या वजनांची बडदास्तही ठेवावी लागते. एम-1 दर्जाच्या 20 किलोच्या वजनाला मुभा असते 1 ग्रॅमची, म्हणून ते आपटायचं नाही, घासायचं नाही, त्यावर चिखल बसू द्यायचा नाही. पावसाळ्यात खाणीच्या रस्त्यावर हे किती जमतं ते चिखल्याच्या माणसाला सांगायला नको.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. लांबी मोजताना जगभर 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की पोलादाची एक मीटरची पट्टी जवळजवळ 0.3 मिलिमीटरनं वाढते. पेटी गाडीतून काढल्यावर तंत्रज्ञ तासभर नुसता बसलेला दिसतो तो यासाठी. उपकरण आणि मास्टर एका तापमानाला यावे लागतात. बघणाऱ्याला वाटतं, बसायचे पैसे घेतोय.

“नुसतं फिरायचं काम. मज्जाच मजा”

गेटवरचा पास, हेल्मेट, बूट, कोणीतरी सोबत यायची वाट, यात सकाळ सरते. खाणीत उतरायचं असेल तर खाणसुरक्षेचे नियम कंत्राटदाराच्या माणसालाही लागू होतात. 1966च्या नियमांनुसारचं व्यावसायिक प्रशिक्षण, ज्याला खाणीत सगळे ‘व्हीटी’ म्हणतात, त्याची चौकशी होते. एवढं करून संबंधित माणूस रजेवर निघाला की दिवस वाया. पाच वाजता काम आटोपलं तरी परतीचे तास उरतात, आणि ते बहुतेक ठिकाणी कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत. माझ्या मते या नोकरीतली सगळ्यात मोठी चोरी इथे होते. प्रवास वगळला तर हे कामच उरत नाही, तरी त्याला काम म्हणत नाहीत.

अपघाताच्या बाबतीत मात्र कायदा प्रवासाकडे काणाडोळा करत नाही. 2010 साली ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कायद्यात 51-ई कलम आलं: घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध जोडता येत असेल तर, नोकरीतलाच मानायचा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात हेच तत्त्व 1923च्या नुकसानभरपाई कायद्यालाही लावलं. तो पहाटेच्या पाळीला निघाला होता आणि वाटेतच गेला. फिरतीवरच्या माणसाच्या घरच्यांनी हे माहीत करून ठेवावं.

“तो इंजिनिअर आहे, कामगार थोडाच?”

व्हिजिटिंग कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ छापलं म्हणून कामगार कायदे गळून पडत नाहीत. हुद्दा काय यापेक्षा हातानं काय करतो ते बघतात, आणि तांत्रिक काम करणारा कामगारच धरला जातो. कामगार कोण हे ठरवणारी 18,000 रुपयांची पगारमर्यादा देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी आहे, त्याच्यासाठी नाही. ईएसआयची 21,000ची मर्यादा वेगळी, तिची गल्लत करू नये.

“स्टिकर आहे, वर्षभर चिंता नाही”

प्रमाणपत्र त्या दिवसाची स्थिती सांगतं. पुढची तारीख प्रयोगशाळेनं आपल्या मनानं लिहायचीच नसते, ग्राहकाशी तसं ठरलं असेल तरच. किती महिन्यांनी तपासायचं हा निर्णय उपकरण वापरणाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी गेज जमिनीवर पडलं तर स्टिकर काही करू शकत नाही. आणि एनएबीएल मानांकन माणसाला मिळत नाही, प्रयोगशाळेला मिळतं, तेही ठरावीक मोजमापांपुरतं. जागेवर जाऊन करायच्या कामाची त्यात नोंद आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

तुमसरच्या एखाद्या मुलानं या कामाला जायचं ठरवलं, तर रुजू होण्याआधी त्यानं चार गोष्टी लेखी मागाव्यात. नियुक्तिपत्र पहिलं; दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत ते द्यावंच लागतं. मग चिठ्ठीतलं वेतन आणि भत्ते वेगवेगळे लिहून. तिसरं, प्रवासाचे तास कसे धरणार. चौथं अगदी साधं: लॉज आणि गाडीचे पैसे आधी कंपनी देणार, की त्यानं खिशातून घालून महिनाअखेरीस बिलं जोडायची.