गंजिफाच्या १२० पानांपैकी भिंतीवर जातात फक्त १०, मग उरलेल्या ११० चं काय?

बाहुलीघराच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये आल्या असतील. काडेपेटीएवढा पलंग, नखाएवढ्या वाट्या आणि भिंतीवर टांगलेली चिमुकली फ्रेम. अशी घरं बहुतेक वेळा १:१२ या मापात बनतात, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तिथं एक इंच होतो. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२४ मध्ये पूर्ण झालेलं प्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचं. त्यासाठी नामवंत चित्रकारांनी इवलीशी चित्रं काढून दिली होती.

पण चौकटीसकट इवलंसं चित्र काढायची कला आपल्या सिंधुदुर्गातही आहे. सावंतवाडीचं गंजिफा.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ मूळचा इराणकडचा. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल गंजिफात ९६ पानं असायची. सावंतवाडीत रुजला तो दशावतारी प्रकार: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२० पानं.

पान बनवायची जुनी पद्धत वेळखाऊ होती. सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, मग चित्र. पाठीला लाखेचा एकसारखा रंग, कारण पाठीवरून पान ओळखू आलं तर खेळच संपला. आता कापडाची जागा पुठ्ठ्याने घेतली आहे.

फ्रेमचा मुद्दा इथं येतो. गंजिफात दोन प्रकार मिळतात. बाजार कलम म्हणजे साधी पानं. दरबारी कलम म्हणजे ज्यांच्या कडेने नक्षीची पट्टी फिरते ती पानं. ही पट्टी म्हणजे चित्राची रंगवलेली चौकटच. बाहुलीघरासाठी चौकोनी फ्रेम करताना चार पट्ट्या बरोबर ४५ अंशांत कापाव्या लागतात, आणि एवढ्या लहान मापात केसभर फटही डोळ्यात खुपते. गोल फ्रेमला सांधाच नसतो. लेथवर लाकडाची एक कडी काढली की झालं. लाकडी फळं आणि भातुकलीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सावंतवाडीत लाकूड कातणारे हात आहेतच.

मापाचं मात्र बघावं लागतं. सहा सेंटीमीटरचं पान १:१२ च्या घरात टांगलं, तर बाहुलीच्या दृष्टीने ते ७२ सेंटीमीटरचं होतं. दिवाणखान्यात चालेल. लहान खोलीसाठी पानाचा फोटो दोन सेंटीमीटरवर छापून घेतलेला बरा.

ही कला जवळपास संपलीच होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केलं आणि नवे कारागीर तयार केले. म्हणून ती आज आपल्याला बघायला तरी मिळते.

पण पत्ते वाचले तरी खेळणारे उरले नाहीत. तिघांचा हा खेळ, त्यात हुकूम नाही. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करणार, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. राजा आणि प्रधानानंतर अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षाच! हे सगळं शिकायला सोबत बसून खेळणारं कुणीतरी लागतं. फ्रेमला फक्त खिळा लागतो.

भिंतीसाठी घेणारा साहजिकच दहा अवतार निवडतो, म्हणजे दहा राजे. प्रधान मागे पडतात आणि मासे, कासवं, परशू मोजून मांडलेली आकड्यांची शंभर पानं तर विचारातच येत नाहीत. मागणी नसलेलं पान कारागीर कशाला रंगवेल? आणि खेळ त्या शंभर पानांवरच चालतो.

खरं तर एवढ्याशा वर्तुळात पाच मासे एकमेकांना न टेकता बसवणं हेही सोपं काम नाही. बाहुलीघराच्या स्वयंपाकघरात, तेही मालवणी, मत्स्याची पंजी जितकी शोभेल तितका कुठलाच राजा शोभणार नाही.