विहारात मोजलेली सोळा मिनिटे

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. वंदना आटोपून अमरावतीच्या आमच्या विहारात आम्ही टीव्ही लावला. सायंकाळी ५ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ रॉकेट उडाले. आत होता नौदलासाठीचा ४,४१० किलोचा सीएमएस-०३ हा दळणवळण उपग्रह. एवढा जड दळणवळण उपग्रह भारतभूमीवरून तोवर गेला नव्हता. २०१८ साली ५,८५४ किलोच्या जीसॅट-११ साठी युरोपचे एरियन-५ रॉकेट घ्यावे लागले होते.

मुलामुलींना आम्ही वह्या दिल्या होत्या. पडद्यावरची वेळ, उंची, वेग लिहायचा. दोन मिनिटांच्या आत, उडत असतानाच, मधले इंजिन पेटले. मग बाजूचे दोन बूस्टर गळाले, तशी एक आजी ओरडली, "माय वं, पडलं!"

दहावीतली एक मुलगी म्हणाली, "पडलं नाही आजी. जळण सरलं, म्हणून रिकामं नळकांडं टाकून देल्लं."

सुमारे सोळा मिनिटांनी उपग्रह सुटा झाला. रॉकेट मुहूर्ताने नव्हे, गणिताने जाते, हे आमच्या भाषणांपेक्षा त्या वह्यांनी अधिक पटवले.

या मुलीचे वडील हमाली करतात. तिला अकरावीला विज्ञान हवे. घरचे शिकवणीच्या फीला भितात. अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी जुनी पुस्तके कबूल केली आहेत. दोन शिक्षक दर रविवारी विहारात गणित शिकवणार आहेत. बसपासाचे पैसे मात्र अजून जमायचे आहेत.