कपिलेचा कुलवृत्तांत

कोकणातील घराण्यांचे कुलवृत्तांत निघतात आणि पाच-सहा पिढ्यांपूर्वीचा पूर्वज कोणत्या गावाहून आला याची चर्चा पेण-रोह्याच्या ओसरीवर आजही रंगते. मात्र त्याच घरच्या गोठ्यातील गाईची आई कोण, आजी किती दूध देत असे, असे विचारले, तर उत्तर एकच : 'गावठी आहे.' या एका शब्दात आपल्या अनास्थेचा सारा इतिहास सामावला आहे.

स्वित्झर्लंडच्या डोंगरातील तपकिरी गाय, जिला जग 'ब्राऊन स्विस' म्हणून ओळखते, तीही एके काळी दूध, मांस व ओढकाम अशा तिन्ही गरजा भागविणारे साधे जनावर होती. 1869 मध्ये एक वळू व सात माद्या अमेरिकेत गेल्या; पुढे सुमारे दीडशे जनावरांपासून तेथे दुधाळ शाखा उभी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचेच रेत आल्प्समध्ये परतले. या प्रवासामागे चमत्कार नव्हता. वंशाची आणि दुधाची पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली नोंद होती. 1963 मध्ये केरळात माडुपेट्टी येथे सुरू झालेल्या भारत-स्विस प्रकल्पानेही केवळ वळू आणले नाहीत. लेकींच्या दुधावरून वळूची पारख करण्याची शिस्तही पुढे तेथे रुजली. 'सुनंदिनी' ही संकरित गाय हे त्याचे फळ होय.

आपल्याकडे संकराचे रेत गावोगाव पोचले, नोंदवही मात्र मागे राहिली. ठेंगण्या, काटक, मुसळधार पावसात आणि भाताच्या पेंढ्यावर तग धरणाऱ्या 'कोकण कपिला' या गाईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळण्यास 2018 साल उजाडले. तोवर पॉवर टिलरने बैलाची गरज संपवीत आणली होती; दूध थोडे म्हणून गाईही मोकाट सुटू लागल्या होत्या.

आज गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. परंतु बिल्ला म्हणजे वंशावळ नव्हे. वेताची तारीख, दुधाचे माप, वळूची ओळख एवढे लिहिण्यास प्रयोगशाळा लागत नाही. गावातील शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांना ते सहज जमेल. मोजल्यावर कपिला उणी ठरली, तर तेही कळेल. पण न मोजताच तिला टाकाऊ ठरविणे हा न्याय नव्हे, आणि एकदा संपलेली जात कोणत्याही परदेशातून परत आणता येत नाही.