पाठवलेली पत्रे, न पाठवलेली पत्रे

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर अब्राहम लिंकनचे एक पत्र वर्षानुवर्षे टांगलेले आहे. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले, वसंत बापटांनी मराठीत आणलेले. पत्र सुंदर आहे. अडचण एवढीच, की ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. रॉय बासलर यांनी संपादित केलेले लिंकनच्या लेखनाचे आठ खंड १९५३ मध्ये निघाले, त्यांत ते नाही. शिकणाऱ्या मुलाला त्याने खरोखर लिहिलेले एक पत्र मात्र आहे. २२ जुलै १८६० चे, जॉर्ज लॅथमला. थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा, हा मित्र हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत आपटला होता; आदल्या वर्षी रॉबर्टही तिथेच आपटला होता. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार. त्याने पोराला चार ओळींत सुनावले: एकदा हात घातलास ना, मग तडीस ने. भिंतीवरच्या पत्रातली पाखरे, फुले वगैरे काही नाही.

याच रॉबर्टमुळे बापाची कागदपत्रे टिकली आणि त्याच्यामुळेच ती दडूनही राहिली. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हवाली करताना त्याची अट होती, की आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ती खुली करायची नाहीत. ती खुली झाली २६ जुलै १९४७ रोजी. खळबळजनक गुपितांची वाट पाहणाऱ्यांची निराशा झाली. निघाली ती बहुतांशी लिंकनला आलेली पत्रे.

त्याने स्वतः लिहिलेल्या पत्रांत मला सर्वांत बोचते ते घरगुती टपाल. सावत्रभाऊ जॉन जॉन्स्टनने ऐंशी डॉलर उसने मागितले. लिंकनने साफ नकार दिला. तू आळशी नाहीस, पण काम टाळतोस, असे तोंडावर सांगून वर वकिली तोडगा सुचवला: पहिल्या मेपर्यंत मजुरी करून जेवढे डॉलर मिळवशील, तेवढेच मी पदरचे घालीन. जानेवारी १८५१ मध्ये बाप मरणपंथाला लागला, तेव्हा याच भावाला लिहिलेल्या पत्रात देवावर भरवसा ठेवण्याचा निरोप आहे आणि आता भेट झाली तर आनंदापेक्षा क्लेशच जास्त होतील, असेही आहे. लिंकन अंत्यविधीला गेला नाही. भिंतीवरच्या पत्रातल्या प्रेमळ बापाशेजारी हा मुलगा ठेवून पाहावा.

राजकीय पत्रांत त्याची खरी कारागिरी दिसते. यादवी युद्ध चालू असताना, ऑगस्ट १८६२ मध्ये, ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक होरेस ग्रीली याने गुलामगिरीविरुद्ध पाऊल उचलत नाही म्हणून अध्यक्षाला जाहीरपणे झोडपले. लिंकनचे २२ ऑगस्टचे उत्तरही वर्तमानपत्रातच आले: संघराज्य वाचवणे हे माझे काम, एकही गुलाम न सोडवता ते वाचले तर तसे, सगळे सोडवून वाचले तर तसे. त्याला थंड रक्ताचा ठरवणारे आजही इथेच बोट ठेवतात. पण गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने महिनाभर आधीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. रणांगणावर यश मिळेपर्यंत थांबा, हा परराष्ट्रमंत्री स्यूअर्डचा सल्ला मानून तो बाजूला ठेवला होता. म्हणजे ग्रीलीला लिहिलेले पत्र हे उत्तर कमी आणि मशागत जास्त. काठावरच्या मतदाराला, उद्या जे होईल ते संघराज्यासाठीच, हे आधी पटवून ठेवायचे. यात लबाडी होती का? थोडी होती, असे मला वाटते. पण शेवटच्या वाक्यात, हे माझे पदाचे कर्तव्य, माणूस म्हणून मात्र सर्वत्र सर्व माणसे मुक्त असावीत ही माझी इच्छा, असेही त्याने नोंदवून ठेवले आहे. घोषणा सप्टेंबरात आली.

मँचेस्टरच्या गिरणी कामगारांना १९ जानेवारी १८६३ रोजी त्याने आभाराचे पत्र लिहिले. दक्षिणेचा कापूस अडल्याने त्यांच्या चुली विझल्या होत्या, तरी ते उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. त्याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांचे उखळ पांढरे होत होते. सट्ट्याचा तो फुगा १८६५ मध्ये फुटला.

गेटिसबर्गच्या विजयानंतर उत्तरेच्या जनरल मीडने दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याला पोटोमॅक नदीपार निसटू दिले. १४ जुलै १८६३ रोजी लिंकनने त्याला लिहिले: विजयाबद्दल मी ऋणी आहे, पण शत्रू तुमच्या तावडीत होता, तेव्हाच युद्ध संपले असते, आता ते किती लांबेल सांगवत नाही. शाई वाळली, पत्र लखोट्यात गेले आणि लखोट्यावर त्याने स्वतःच नोंद केली, की हे ना पाठवले, ना सही केली. मीड शेवटपर्यंत आपल्या सैन्याचा सेनापती राहिला.

या ढिगातले एकच पत्र वाचायला वेळ असेल, तर मी २३ डिसेंबर १८६२ चे सुचवीन. फ्रेडरिक्सबर्गच्या दारुण पराभवाला दहा दिवस झालेले, मंत्रिमंडळातले राजीनामे नुकतेच निस्तरलेले. अशात त्याने फॅनी मॅकलो या मुलीला लिहिले. इलिनॉयमधले त्याचे जुने परिचित असलेले तिचे वडील मिसिसिपीत लढताना पडले होते. तो लिहितो: तरुणांना दुःख बेसावध गाठते म्हणून ते जास्त झोंबते. पुन्हा बरे वाटेल हे तुला आत्ता खरे वाटणार नाही, पण वाटेल, मी अनुभवाने सांगतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा अकरा वर्षांचा मुलगा विली गेला होता. पत्रात त्याचे नाव कुठेही नाही.