टँकरभर हवा

पेट्रोल पंपावर आपण लिटर मोजून पैसे देतो, त्यामुळे गाडीचं खाणं म्हणजे पेट्रोल, असं मनात पक्कं बसलेलं असतं. पण एक लिटर पेट्रोल पुरतं जळायला जवळजवळ ११ किलो हवा लागते. ११ किलो हवा म्हणजे ९ हजार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात पाण्याचा १० हजार लिटरचा टँकर येऊन उभा राहतो ना, तो डोळ्यांपुढे आणा. गाडी पंधरा-सोळा किलोमीटर जाते तेवढ्यात तिने जवळपास तेवढी हवा पुढून ओढून मागच्या सायलेन्सरमधून सोडलेली असते. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, आणि मग बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो. हवा हे इंजिनाचं जेवण आहे, पेट्रोल फक्त तोंडी लावणं.

हे एकदा उमगलं की छोट्या टर्बो इंजिनाचं सगळं कोडं उलगडायला लागतं. जास्त ताकद हवी तर जास्त पेट्रोल जाळायला हवं आणि त्यासाठी जास्त हवा आत यायला हवी. पूर्वीचा सरळ उपाय होता इंजिन मोठं करण्याचा. दुसरा उपाय असा, की इंजिन तेवढंच ठेवायचं आणि हवा दाबून भरायची. गोणीत धान्य भरताना हमाल ती आपटून आपटून आणखी दोन पायल्या बसवतो, तसं.

उदाहरण आपल्या चाकणचंच घेऊ. स्कोडा-फोक्सवॅगनच्या तिथल्या कारखान्यात कायलॅक, कुशाक, टायगुन या एसयूव्ही तयार होतात आणि त्यांत १.० टीएसआय नावाचं इंजिन बसतं. क्षमता ९९९ सीसी, म्हणजे पाण्याच्या एका बाटलीएवढी. सिलिंडर तीन, प्रत्येकाच्या वाट्याला ३३३ सीसी. याच घराण्यातलं, याच ९९९ सीसीचं, पण टर्बो नसलेलं इंजिन काही वर्षांपूर्वी पोलो गाडीत मिळायचं. त्याची ताकद ७६ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, ९५ न्यूटन मीटर. टीएसआयची ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १७८ न्यूटन मीटर. बाटली तीच, आणि ओढ जवळजवळ दुप्पट. शिवाय ही ओढ १७५० आरपीएमलाच हजर होते. घाटात, भरलेल्या गाडीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला आपल्याला ती नेमकी तिथेच लागते.

मग ही वाढीव हवा दाबून भरायला लागणारी शक्ती येते कुठून? ती आपण आजवर फेकून देत आलो होतो. पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. जोर लावलेल्या इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेला असतो आणि वेगाने धावत असतो. त्याच्या वाटेत एक चक्र ठेवायचं. धुराच्या माऱ्याने ते फिरतं. त्याच कांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. दोन्ही चक्रं आपापल्या शंखासारख्या कवचात बसवलेली असतात. याला म्हणायचं टर्बोचार्जर. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं, तेव्हा मोटारगाडी स्वतःच बाल्यावस्थेत होती.

आता त्या चक्रापाशी जरा थांबू. छोट्या इंजिनातलं हे चक्र मोठ्या लिंबाएवढं, चारेक सेंटिमीटर व्यासाचं असतं. पूर्ण जोरात ते मिनिटाला २ लाखांच्या वर फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. व्यासावरून परीघ काढून फेऱ्यांनी गुणून पाहा: पात्याचं टोक सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने धावतंय. साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास असतो. बॉनेटखाली, आपल्या पायांपासून हातभर अंतरावर, आवाजाहून वेगवान काहीतरी फिरतंय आणि आत बसलेल्याला ऐकू येते ती फक्त बारीकशी शीळ. कांडीचं एक टोक लालबुंद धुरात, दुसरं बाहेरच्या हवेत, मध्ये अंतर वीतभरही नाही. आणि ती कांडी टेकलेली असते इंजिन ऑइलच्या थरावर. मिलिमीटरच्या काही शतांशांएवढ्या जाडीचा तो थर. धातूला धातू लागतच नाही, कांडी तेलावर तरंगत फिरते. मानवाने बनवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये याच्या तोडीची दुसरी मला माहीत नाही.

पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना खालचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे घडतं. बाहेर ३० अंश असलेली हवा दुप्पट दाबाला नेली की शंभरी सहज ओलांडते. तापलेली हवा पसरते, म्हणजे दाबून मिळवलेलं पुन्हा गमावलं. म्हणून टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये तिला गार करणारा इंटरकूलर लागतो. या टीएसआय इंजिनात तो पाण्याने गार होणारा आहे आणि हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. हवेचा प्रवास त्यामुळे आखूड होतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रतिसाद लवकर मिळतो.

पुढचा शत्रू नॉकिंग. दाबलेल्या, तापलेल्या मिश्रणाने ठिणगीनंतर ज्योतीची वाट पाहत शिस्तीने जळायला हवं. ते कोपऱ्यात आपोआप भडकलं तर पिस्टनवर घणाचे घाव बसतात. टर्बोमुळे हा धोका वाढतो, म्हणून जुन्या टर्बो इंजिनांमध्ये मुद्दाम कमी कॉम्प्रेशन ठेवावं लागे. अमेरिकेतल्या ओल्ड्समोबील जेटफायर या १९६२ च्या गाडीत तर पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरून इंजिनात फवारावं लागायचं. आज हे काम पेट्रोलच करतं, आणि त्यामागचं तत्त्व आपल्या घरातल्या माठाचं आहे. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. इथे पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत, टायरमधल्या हवेच्या शंभरपट दाबाने, धुक्यासारखं फवारलं जातं. ते उडताना आतल्या हवेला गार करतं. एका वेळचं पेट्रोल किती? पूर्ण जोरातसुद्धा एक-दीड थेंब. ५००० आरपीएमला हा थेंब प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला चाळीसहून जास्त वेळा पडतो आणि दर खेपेला फवारा सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकावा लागतो. इंजिनाच्या अंगाला एक सेन्सर चिकटवलेला असतो. नॉकिंगची चाहूल लागली की तो कंप कॉम्प्युटरला कळवतो आणि पुढची ठिणगी क्षणभर उशिरा पडते. चालकाला कशाचा पत्ताही लागत नाही.

जाता जाता उसाचा उल्लेख करायलाच हवा. सध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यातलं काही आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं, ही तक्रार खरी आहे. पण इथेनॉल उडताना पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त उष्णता शोषतं आणि नॉकिंगलाही जास्त दाद देत नाही. त्यासाठी घडवलेल्या टर्बो इंजिनाला हा गुण मानवतो.

तीन सिलिंडर म्हटलं की अनेक जण नाक मुरडतात. सिग्नलला उभ्या गाडीत जी थरथर जाणवते ती खरीच असते: तीन पिस्टनांची वर-खाली ओढ एकमेकांना फेडते, पण इंजिन टोकाटोकाला डोलायला पाहतं. ते सावरायला नाना युक्त्या करतात. फोर्डने आपल्या १.० इकोबूस्टमध्ये, जे आपल्याकडे २०१३ साली इकोस्पोर्टमधून आलं, फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असंतुलित ठेवली, म्हणजे एका डोलण्याने दुसरं डोलणं मारलं. पण टर्बोच्या दृष्टीने तीन हा आकडा फार गुणाचा आहे. धुराचे झोत एकामागून एक, इंजिनाच्या फिरण्यातल्या २४० अंशांच्या अंतराने येतात, त्यामुळे एकाचा झोत दुसऱ्याच्या झोतात घुसत नाही. चार सिलिंडरांत ते एकमेकांच्या पायात येतात. तीनच माणसं झोका देताहेत आणि प्रत्येकाची पाळी स्वच्छ ठरलेली आहे, असं समजा.

आणखी एक जागा जिथे टर्बोचं मोल कळतं ती म्हणजे उंची. समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला हवेचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात गळते. लडाखच्या खिंडींत ती जवळजवळ निम्मी होते. टर्बो थोडा अधिक फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. १९१८ साली इंजिनिअर सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी नावाचं विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या शिखरावर नेऊन हेच दाखवून दिलं होतं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं आणि टर्बो लावल्यावर ३५६ वर गेलं.

ही इंजिनं आपल्याकडे एवढी का फोफावली, याचं उत्तर मात्र करांच्या तक्त्यात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरहून आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कमी कर लावला. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतही अशा गाड्यांना १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांना ४० टक्के अशी रेघ आहे. रेघेच्या आत राहून मोठ्या गाडीची ओढ हवी तर टर्बोला पर्याय नाही. कायलॅक ३९९५ मिलिमीटर लांब आहे. रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसी, नाशिकच्या महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओचं ११९७.

मर्यादाही सांगायला हव्यात. १५०० आरपीएमच्या खाली धूर इतका थोडा असतो की टर्बो जागाच होत नाही, आणि तोवर तुमच्या हाती फक्त एक लिटरचं साधं इंजिन असतं. गतिरोधकावरून निघताना गाडी क्षणभर रेंगाळते ती त्यामुळे. ॲव्हरेजचंही तसंच. हलक्या पायाने चालवलं तर हे इंजिन लहान इंजिनासारखं पितं, जोर मागत राहिलात तर मोठ्यासारखं. कारण हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढणारच.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तीन गोष्टी पाळा. वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथत असताना ॲक्सिलरेटर दाबून ती ओढू नका, गिअर खाली घ्या. कमी आरपीएमला पूर्ण दाब मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदला, दोन पैसे वाचवायला दुसरं नको. आणि खंबाटकी किंवा आंबोली चढून वर चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू द्या. त्या तापलेल्या कांडीला तेव्हा तेल मिळत राहायला हवं.